घर मोजायला येणार होते

कोर्टाने नेमलेले इंजिनियर घराची किंमत ठरवायला येणार, हे अनुसूयेला बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं. त्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती वकीलबाईंनी फोन ठेवता ठेवता टाकलेल्या एका वाक्याची.

"मुआयने के वक़्त दोनों पक्ष मौजूद रहेंगे, बहनजी. वो भी आएँगे. क़ायदा है."

म्हणजे विद्याधर, तिचा नवरा, येणार. या घरात. दीड वर्षाने.

त्या दिवशी तिने ऑफिसात रजा टाकली. बेतवा कालव्याच्या कचेरीत ती लिपिक होती, आणि रजा टाकणं तिला कधी फारसं जमलं नव्हतं. सकाळपासून तिने झाडलेलंच पुन्हा झाडलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. कांचनला, आपल्या सोळा वर्षांच्या लेकीला, तिने सदर बाजारात मैत्रिणीकडे धाडायचं ठरवलं होतं. चप्पल घालून कांचन पायरीवर घुटमळली.

"आई, मैं रुक जाती हूँ न."

"नको ग. रमामामा येतोय की."

"मामा का फ़ोन आया?"

"येईल. तू जा. आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

कांचन मराठी सगळं समजे, पण उत्तर द्यायची हिंदीत. तिच्या शाळेत, तिच्या क्लासात, तिच्या मैत्रिणींत मराठी बोलणारं कुणी नव्हतंच. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत अनुसूया दारात उभी राहिली, आणि मग तिने आतून कडी घातली.

रमाकांत, तिचा धाकटा भाऊ, ग्वाल्हेरहून निघाला होता. त्याचा फोन आला, पण तो झाशीच्या स्टेशनावरून नव्हे. "ताई, गाडी दतियाला अडकून पडलीय. पुढे इंजिन बंद पडलंय म्हणतात. मी येईपर्यंत दार उघडू नकोस."

"कोर्टाचा माणूस आहे रे. न उघडून कसं चालेल?"

"मग निदान त्याच्यासमोर एकटी पडू नकोस."

एकटी पडू नकोस! फोन ठेवून ती स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली.

घर दतिया गेटाबाहेरच्या वस्तीत होतं. फार मोठं नव्हे. पुढची खोली, माजघर, स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीची खोली, वर एक खोली आणि गच्ची. जागा दोघांच्या नावावर घेतली होती आणि दोघांच्या पगारातून घर उभं राहिलं होतं. घटस्फोटाचा अर्ज गेल्यावर न्यायाधीशांनी सांगितलं होतं की घराची किंमत ठरवून घ्या. ज्याला ते ठेवायचं असेल त्याने दुसऱ्याला निम्मी रक्कम द्यावी. दोघांनाही जमत नसेल तर विकून टाकावं. अनुसूयेला घर हवं होतं. आईवडील गेल्यापासून माहेर असं उरलंच नव्हतं, रमाकांत स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. किंमत बेताची निघाली तर कर्ज काढून ती निम्मा हिस्सा देऊ शकत होती. फार चढली तर घर हातचं जाणार होतं, आणि विद्याधर ती चढवायला बघणार हे उघड होतं. त्याला पैशांची नड होती असं नाही. "तुला रस्त्यावर आणीन," असं तो म्हणाला होता, आणि म्हटलेलं करून दाखवायची त्याला सवय होती.

बाहेर मात्र त्याच्याबद्दल कुणी असं बोललं असतं तर लोकांनी हसण्यावारी नेलं असतं. तो इंटर कॉलेजात गणित शिकवायचा. गल्लीतली मुलं 'सरजी' म्हणून वाकून नमस्कार करायची. त्याचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतलं, कारभार आणि पूजाअर्चा सांभाळायला दक्षिणेतून आलेलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा त्यांचा शिरस्ता. आणि विद्याधरने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. तो धमकी द्यायचा ती मराठीत, हळू, गालात हसत. भाजीवाल्यासमोर, लग्नाच्या पंगतीत, टांग्यात. बटाटे घेऊ या का, असं विचारावं अशा सुरात तो म्हणायचा, "घरी चल, मग बघतो तुला." आजूबाजूचे लोक कौतुकाने ऐकायचे. एकदा एक दुकानदार म्हणाला होता, "कितनी मीठी बोली है आप लोगों की!" तेव्हा विद्याधर खूश होऊन हसला होता.

घरी आल्यावर काय व्हायचं ते तिघांनाच ठाऊक. वकीलबाईंनी अर्जात सगळं लिहिलं, त्याने सगळं नाकारलं. साक्षीला कोण? कांचनला कोर्टात उभं करायला अनुसूया तयार नव्हती. शेवटी तो थोरल्या भावाकडे राहायला गेला, एवढंच काय ते पदरात पडलं.

घंटी वाजली.

दारात एक काटकुळे गृहस्थ उभे होते, रेक्झिनची बॅग, खिशाला दोन पेनं, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. "नमस्ते. मैं खरे." खरे म्हणजे आपल्यातले नव्हेत, इथले कायस्थ खरे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. बॅग त्यांच्या हातात नव्हती. ती विद्याधरने मागून धरली होती, जावयाने सासऱ्याची धरावी तशी.

"आइए साहब, आइए," विद्याधर म्हणाला, जणू तोच घरात राहत होता. बूट काढायला वाकता वाकता तो तिच्याकडे बघून हसला. "पाणी आण ग त्यांना. आणि तोंड बंद ठेव."

खरे साहेबही हसले.

तिने तांब्याभांडं आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

खरे साहेबांनी बॅगेतून लोखंडी टेप काढला. "मेरी नज़र ज़रा कमज़ोर है," ते म्हणाले. "डिब्बी मैडम पकड़ लें, पट्टी का सिरा सरजी ले जाएँ. मैं पढ़ता जाऊँगा." आणि नाही म्हणायला काही कारण सुचायच्या आत टेपची डबी अनुसूयेच्या हातात आली होती. विद्याधर पट्टीचं टोक धरून समोरच्या भिंतीकडे चालत गेला. पिवळी पट्टी दोघांमध्ये ताणली गेली. तो भिंतीशी टेकून तिच्याकडे बघत राहिला, पापणी न लववता. खरे साहेब डबीपाशी वाकून आकडा वाचत होते. आकडा वाचून ते बाजूला झाले आणि विद्याधरने टोक सोडून दिलं. पट्टी सळसळत परत आली आणि अनुसूयेच्या अंगठ्याखाली चर्रकन चिरून गेली.

"अरे, छूट गया," विद्याधर म्हणाला.

"चोट तो नहीं लगी, मैडम?"

"नहीं," ती म्हणाली. जीभ सवयीने तशी वळली. तिने पदरात अंगठा दाबून धरला.

पुढच्या खोलीत विद्याधरने घराचं कौतुक सुरू केलं. समोरची गल्ली पुढेमागे रुंद होणार आहे, इथे दुकान निघेल, वर आणखी दोन मजले चढतील, पाणी बारा महिने गोड, पावसाळ्यात एक थेंब आत येत नाही. खरे साहेब मान डोलावत होते. अनुसूयेला माहीत होतं की भादव्यात गल्लीतला नाला उलटा फिरतो आणि याच खोलीत घोट्याएवढं पाणी शिरतं. कपाटामागची भिंत अजून ओली होती. तेवढं बोललं की किंमत खाली येणार होती. तिने तोंड उघडलं.

"नाल्याचं नाव काढलंस तर बघ," विद्याधर मृदूपणे म्हणाला. तो खिडकीची चौकट हाताने चाचपून बघत होता. "कांचन आज सदरला गेलीय ना, मैत्रिणीकडे? संध्याकाळी कोणत्या रस्त्याने परतते, तेही मला ठाऊक आहे."

लेकीला दूर पाठवलं म्हणून अनुसूयेने सकाळपासून जो एक दिलासा धरून ठेवला होता, तोही या माणसाने हातातून काढून घेतला. त्याला कसं कळलं? कोपऱ्यावर उभा होता की काय?

"क्या कह रहे हैं?" खरे साहेबांनी सहज विचारलं.

"बिटिया का पूछ रहा था. बाप हूँ न, चिंता लगी रहती है."

"सही बात है," खरे साहेब म्हणाले. "हमारी भी दो हैं."

जिन्यापाशी विद्याधर बाजूला झाला. "पहले साहब. फिर तुम." म्हणजे तो मागून चढणार. जिना अरुंद, एका माणसापुरता. त्याचा श्वास तिला पाठीवर ऐकू येत होता. आता पदर ओढेल, आता पाय धरेल, असं वाटत ती चढत होती आणि पायऱ्या संपत नव्हत्या. गच्चीवर आल्याबरोबर ती मधोमध पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. ऊन लखलखीत होतं. लांब टेकडीवर किल्ल्याचा तट दिसत होता, खाली कुणाच्या तरी अंगणात रेडिओ चालू होता. सगळं जग आपापल्या कामात होतं. खरे साहेब पलीकडच्या कोपऱ्यात खांबातून वर आलेल्या सळ्या तपासत होते.

विद्याधर कठड्यापाशी गेला, वाकून त्याने खाली बघितलं. "किती बुटका बांधला ग आपण हा," तो म्हणाला. "कधी लक्षातच आलं नाही माझ्या."

ती टाकीला अधिकच चिकटली. सिमेंटचा खरखरीतपणा तिला ब्लाउजमधून टोचत होता. तिने मनाशी ठरवलं की हा माणूस म्हणेल त्या सगळ्याला हो म्हणायचं. घर जाऊ दे. दुकान म्हणो, महाल म्हणो. फक्त खाली उतरायचं, दोघांना वाटेला लावायचं आणि धावत जाऊन कांचनला गाठायचं.

खाली आल्यावर राहिली होती ती कोठीची खोली. खरे साहेबांनी दार लोटलं आणि ते उंबऱ्यावरच थांबले. चष्मा वर करून त्यांनी दार पुढून बघितलं, मागून बघितलं, मधल्या जोडावरून बोट फिरवलं. वरची फळी जुनी, काळवंडलेली. खालची नवी, फिकट. आतल्या बाजूला कड्या होत्या. एक वर, एक मध्ये, एक पार खाली.

"ये क्या मामला है?" ते म्हणाले. "आधा दरवाज़ा बदला हुआ. और स्टोर में अंदर से कुंडियाँ? अंदर से कौन बंद करता है?" मग त्यांना धंद्यातली शंका आली, वाळवीची. "दीमक तो नहीं है? दीमक हुई तो सारी लकड़ी का हिसाब बदलेगा."

"दीमक नहीं साहब, बिल्कुल नहीं," विद्याधर घाईने म्हणाला. "पानी लग गया था. नीचे से गल गया."

"पानी?" खरे साहेबांनी मान वळवली. "यहाँ तक पानी आता है? आपने तो कहा बरसात में एक बूँद नहीं आती."

गणित शिकवणारा माणूस, पण हे विद्याधरला सुटेना. वाळवी म्हणावी तर किंमत उतरते, पाणी म्हणावं तरी उतरते. अनुसूयेने त्याला इतक्या वर्षांत अडलेला कधी पाहिलाच नव्हता. तो तिच्याकडे वळला, चेहरा हसराच, पण ओठ पांढरे. "सांभाळून घे. काहीतरी सांग. नाहीतर आज तुझी लेक घरी येत नाही, समज."

"मैडम," खरे साहेब म्हणाले, "आप बताइए. दरवाज़ा ख़राब कैसे हुआ?"

ती दाराकडे बघत राहिली. त्या दाराआड ती आणि कांचन कितीदा बसल्या होत्या, डाळीच्या डब्यांना पाठ लावून, एकमेकींच्या तोंडावर हात ठेवून. हो म्हणायचं ठरवलं होतं. पण कशाला हो म्हणायचं? वाळवी नव्हती, पाणी नव्हतं. सांगण्यासारखं खोटं त्याच्यापाशीही उरलं नव्हतं. आणि कांचनचं नाव त्याने दुसऱ्यांदा घेतलं होतं. हो म्हटल्याने कांचन वाचणार होती, असं कुणी सांगावं?

"ये मराठी में मुझसे कह रहे हैं," अनुसूया म्हणाली, आणि तो आवाज तिचा तिलाच परका वाटला, "कि सँभाल लो, नहीं तो आज तुम्हारी बेटी घर नहीं आएगी."

खरे साहेबांना आधी काही उमजलं नाही. "जी?"

"ऊपर कह रहे थे कि छत की मुँडेर बहुत नीची है. बैठक में कहा कि नाले का नाम लिया तो देख लेना. पानी वहाँ आता है साहब, हर साल आता है. और ये दरवाज़ा इन्होंने तोड़ा था. लोहे के मूसल से. अंदर मैं थी और मेरी बच्ची."

बोलणं एकदा सुटलं ते सुटलंच.

विद्याधर हसला. "इनकी तबीयत ठीक नहीं रहती, साहब. दवा चलती है." आणि त्याच हसण्यात, "झालं तुझं?"

"पूछ रहे हैं, हो गया तुम्हारा?" अनुसूयेने खरे साहेबांना सांगितलं.

"गप्प बस."

"कह रहे हैं, चुप रहो."

"अनू!"

यावर काही सांगायची गरज नव्हती. विद्याधरचा आवाज चढला होता. खरे साहेब एक पाऊल मागे सरले. विद्याधर त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला, मग माजघरातून पुढच्या खोलीत गेला. बाहेरच्या दाराची कडी आतून सरकल्याचा आवाज आला.

तो आवाज अनुसूयेला चांगला ओळखीचा होता. ज्या ज्या दिवशी तो ऐकू आला, त्या त्या दिवशी पुढे काय झालं तेही तिला पाठ होतं. तिचे पाय आपोआप कोठीकडे वळले. ती उंबरा ओलांडून आत गेली, हात मधल्या कडीवर पडला.

"सरजी, ये क्या कर रहे हैं आप? दरवाज़ा खोलिए," बाहेर खरे साहेब म्हणत होते. त्यांचा आवाज चिरकत होता.

"दो मिनट, साहब. घर की बात है. आप बैठिए."

अनुसूयेने फटीतून खरे साहेबांकडे पाहिलं. बॅग छातीशी धरून ते माजघराच्या मधोमध उभे होते. म्हातारा माणूस. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्याच्या काचेवर आला होता आणि तो पुसायलाही त्यांचा हात उठत नव्हता. ते तिच्याइतकेच घाबरले होते. कदाचित जास्तच, कारण त्यांना सवय नव्हती. आपण कडी घातली की हे बाहेर एकटे. आणि आपण पुन्हा आत.

ती बाहेर आली. का आली, ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. भीती कमी झाली म्हणून नव्हे. ती भिंतीच्या कडेकडेने पुढच्या दाराकडे निघाली, आणि माजघराच्या उंबऱ्यावर विद्याधरने तिचं मनगट पकडलं. पकडून पिरगळलं. ही पकडही ओळखीची.

"खिड़की!" ती ओरडली. "साहब, खिड़की से किसी को बुलाइए!"

खरे साहेब गडबडून पुढच्या खोलीच्या खिडकीकडे धावले. गज धरून ते ओरडू लागले, बारीक, फाटक्या आवाजात. "अरे कोई है? भैया! अरे कोई आओ यहाँ!"

विद्याधरने पकड सोडली नाही. तो काही बोललाही नाही. आता कोणत्या भाषेत बोलावं हेच जणू त्याला कळत नव्हतं. तो नुसता पिळत राहिला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि अनुसूयेला वाटलं की हाड आता मोडणार.

दारावर थापा पडल्या. "अनुसूया! दार उघड ग!"

त्या गल्लीत आणखी एकच घर मराठी बोलणारं होतं. शेजारच्या कुसुमावतीबाई, मराठा, त्यांचे पूर्वज फौजेबरोबर आलेले. नवरा गेल्यापासून एकट्याच राहायच्या. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक होती. हळदीकुंकवाला येणं-जाणं होतं, पण कुसुमावतीबाई कधी जास्त काही विचारत नसत, आणि अनुसूया कधी काही सांगत नसे.

विद्याधरने मनगट सोडलं. केसांवरून हात फिरवला, कडी काढली आणि हसून म्हणाला, "काही नाही काकू. घरातलंच बोलणं चाललंय."

कुसुमावतीबाईंचे हात कणकेने भरलेले होते. त्यांच्यामागे सायकल दुरुस्तीवाला आणि समोरच्या घरातल्या दोघी बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी विद्याधरकडे पाहिलंच नाही आधी. अनुसूयेच्या लाल झालेल्या मनगटाकडे पाहिलं.

"मला मराठी समजतं, विद्याधरराव," त्या म्हणाल्या. "भिंत एवढीशी आहे. मी आज पहिल्यांदा ऐकत नाही."

मग खरे साहेबांकडे वळून त्यांनी साध्या हिंदीत सांगितलं, "साहब, ये झूठ नहीं बोल रही. मैंने बरसों सुना है. मुझे पहले आना चाहिए था."

गल्लीतली माणसं बघत होती. पायरीवर बसून विद्याधरने बूट घातले. नाड्या बांधायला त्याला फार वेळ लागला. मग स्कूटरला किक मारून तो निघून गेला.

अनुसूयेने सगळ्यात आधी फोन हातात घेतला. बोटांना नंबर लागेना, सायकलवाल्याने लावून दिला. "कांचन? कुठेयस? घरातच आहेस ना? बाहेर पाऊल टाकू नकोस. रमामामा तुला घ्यायला येईल. दुसरं कुणीही आलं तरी जायचं नाही. कुणीही म्हणजे बाबासुद्धा."

पलीकडून कांचन मराठीत म्हणाली, "आई, तुला लागलं का?"

तेव्हा अनुसूया रडली.

खरे साहेब खुर्चीवर बसून दोन पेले पाणी प्यायले. मग उठले, टेप उचलला आणि ओशाळल्यासारखे म्हणाले की, "काम तो पूरा करना पड़ेगा." कुसुमावतीबाईंनी आणि सायकलवाल्याने मिळून पुढच्या खोलीतलं कपाट हलवलं. मागची भिंत कंबरेपर्यंत ओली होती, पोपडे सुटलेले. खरे साहेबांनी हात लावून पाहिलं, वहीत काही टिपलं. जाताना ते दारात थबकले. "मुझे तो सिर्फ़ मकान देखने भेजा था, बहनजी," ते म्हणाले. "पर जो देखा, वो जज साहब पूछेंगे तो बताऊँगा."

जज साहेबांनी विचारलं. खरे साहेबांनी सांगितलं, चाचरत, पण काही न गाळता. कुसुमावतीबाईही आल्या आणि भिंतीपलीकडून काय काय ऐकलं ते त्यांनी मराठी शब्दांसकट कोर्टाला ऐकवलं. लिहून घेणारा कारकून हात थांबवून ऐकत राहिला. विद्याधरने घर, अनुसूयेचं ऑफिस आणि कांचनचा क्लास यांच्या जवळपास फिरकायचं नाही, असा हुकूम निघाला. घराची किंमत बेताची ठरली. ना त्याला हवी होती तेवढी, ना अगदी पडेल.

वकीलबाई खूश होत्या. निम्मा हिस्सा अनुसूयेला झेपेल असा होता, कर्जाची बोलणीही झाली होती. न्यायाधीशांनी विचारलं, "तो मकान आप रखेंगी?"

अनुसूया उभी राहिली. "जी नहीं," ती म्हणाली. "बेच दीजिए."

वकीलबाईंनी तिची बाही ओढली. मागच्या बाकावर रमाकांत अवाक झाला. पण गेले काही आठवडे ती जिना चढताना मागे वळून वळून बघत होती. गच्चीवर कपडे वाळत घालायला कुणाला तरी सोबत घेत होती. दिवसाढवळ्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना दिवा लावत होती. एवढं कर्ज काढून आपण हेच विकत घेणार, असं एक दिवस भांडी घासता घासता तिच्या मनात आलं, आणि मग ते जाईना. घर हवं होतं ते बरंचसं त्याने नेऊ नये म्हणून. आता त्यालाही ते नको होतं; किंमत बेताची ठरल्यावर घराच्या जोरावर तिला रस्त्यावर आणणं त्याच्या हाती उरलं नव्हतं.

जवळच्या एरच गावचं एक कुटुंब घर बघायला आलं, मुलांच्या शिक्षणासाठी झाशीत यायला निघालेलं. नाल्याचं पाणी, ओली भिंत, सगळं अनुसूयेने आपणहून सांगितलं. पुरुष मंडळी वर गच्चीवर गेल्यावर त्यातल्या बाईने हळूच विचारलं, "और तो कोई दोस नईं है न, दिदी, घर में?"

अनुसूयेला घराची बाजू घ्यावीशी वाटली. ऊन चांगलं येतं, ती म्हणाली. स्वयंपाकघरात वारा खेळता असतो. शेजारच्या काकू फार चांगल्या आहेत. "मकान अच्छा है."

सामान हलवायच्या दिवशी रमाकांत सायकलरिक्षात बसून टेंपोमागून निघाला आणि मायलेकी ड्रायव्हरशेजारी बसल्या. सदर बाजारात एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. खाली दिवसभर वर्दळ, समोर रिक्षांचा अड्डा. अनुसूयेने त्या वर्दळीसाठीच त्या घेतल्या होत्या. टेंपो दतिया गेटापाशी वळला. पेरूच्या गाडीशी एक माणूस पाठमोरा उभा होता. तीच उंची, तसाच करडा स्वेटर, शेजारी तसलीच स्कूटर. तिने सीटची कड घट्ट धरली. टेंपो गर्दीत मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता.

माणसाने पेरूची पिशवी घेतली आणि तोंड वळवलं. कुणीतरी दुसराच होता. म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेला.

"आई," कांचन म्हणाली, "तू काँप रही है."

"हो ग," अनुसूया म्हणाली. "थोडा वेळ कापेन. मग थांबेन."

कांचनने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. ड्रायव्हरने जोरात भोंगा वाजवला, पेरूवाल्याने शिवी हासडत गाडी बाजूला घेतली, आणि टेंपो सदरच्या रस्त्याला लागला.